सिगारेट सुटल्यावरचं दुसरं व्हेप: काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं

सिगारेट सुटून तीन-चार आठवडे झाले की पहिलं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, अपुरं वाटायला लागतं. बॅटरी दुपारीच मान टाकते, पॉडला, म्हणजे निकोटीनचं लिक्विड भरलेल्या छोट्या डबीला, जळकी चव येते, झुरके वाढतात तरी तलफ भागत नाही. मग चांगलं उपकरण घ्यायचा विचार सुरू होतो आणि तो रास्तच आहे. पण बरेच जण याच टप्प्यावर घसरतात. ढगांएवढी वाफ सोडणारं मोठं उपकरण घेतात, त्याचा झुरका सिगारेटसारखा लागत नाही, निकोटीनचं प्रमाण पार बिघडतं आणि आठवड्याभरात हातात पुन्हा सिगारेट येते. म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सिगारेटसारखा ओढला जाणारा झुरका घाईने सोडू नका.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. हा लेख सिगारेट सोडलेल्या प्रौढांसाठी आहे. जो सिगारेट ओढत नाही त्याने व्हेपला हात लावायचं काहीच कारण नाही. व्हेप निरुपद्रवी नाही, निकोटीनची सवय त्यातही राहतेच आणि दीर्घकाळातले परिणाम अजून पुरते समजलेले नाहीत. त्याची तुलना फक्त जळत्या तंबाखूशी करायची. दुसरं म्हणजे कायदा. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. सिंगापूरमध्ये तर ते जवळ बाळगणंही गुन्हा आहे. पुढची माहिती जिथे व्हेप कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. बंदी असलेल्या ठिकाणी निकोटीनचे पॅच, च्युइंग गम आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं हा मार्ग आहे.

खरंच नवीन उपकरण हवं आहे का?

पैसे खर्च करण्याआधी नेमकं काय खटकतंय ते ओळखा. बऱ्याच तक्रारी उपकरणाच्या नसतातच.

तलफ भागत नसेल तर बहुधा लिक्विडमधलं निकोटीन कमी पडतंय. दिवसाला २० सिगारेट ओढणाऱ्याने ६ मिलिग्रॅमचं, म्हणजे दर मिलिलिटरला तेवढं निकोटीन असलेलं, लिक्विड घेतलं की तो दिवसभर उपकरण तोंडातून काढतच नाही. त्याला नव्या मशीनपेक्षा जास्त निकोटीनच्या बाटलीची गरज असते.

चव जळकी येत असेल तर कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी तार आणि तिच्याभोवतीचा कापूस, संपली आहे किंवा वॅट जास्त आहेत. चव मेल्यासारखी वाटत असेल तर तीच कॉइल दोन आठवड्यांहून जास्त चालली असेल, किंवा एकच फ्लेवर सतत ओढल्यामुळे जिभेला तो जाणवेनासा झाला असेल. दोन दिवस वेगळा फ्लेवर, विशेषतः मेंथॉलचा, ओढून पाहा आणि पाणी जास्त प्या. पीजी आणि व्हीजी, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन, दोन्ही ओलावा शोषून घेतात. त्यामुळे तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडाला चव कमी कळते.

उपकरण खरोखर बदलायला हवं अशी कारणं थोडीच आहेत. बॅटरी दिवस काढत नाही, कॉइल वेगळी बदलता येत नसल्याने दर वेळी अख्खा पॉड टाकावा लागतो, हवेचा ओढा कमी-जास्त करता येत नाही, किंवा टाकी इतकी लहान आहे की दिवसातून चारदा भरावी लागते. यातलं एक जरी तुम्हाला लागू असेल तर पुढे वाचा.

झुरका दोन प्रकारचा, आणि सगळं त्यावरच ठरतं

सिगारेटचा धूर आधी तोंडात धरला जातो आणि मग छातीत ओढला जातो. व्हेपमध्ये याला माऊथ टू लंग, थोडक्यात एमटीएल म्हणतात. यात हवेचं भोक लहान असतं, साधारण १ ते १.५ मिलिमीटर, कॉइलचा रोध ०.८ ओहमच्या वर असतो आणि ८ ते १८ वॅट पुरतात. वाफ थोडी, कोमट, आणि घशाला सिगारेटसारखी लागणारी.

दुसरा प्रकार डायरेक्ट लंग, म्हणजे डीएल. दीर्घ श्वास घ्यावा तशी वाफ थेट छातीत जाते. हवेच्या खाचा मोठ्या, कॉइल ०.१५ ते ०.५ ओहमची, वॅट ३० ते ८० आणि वाफ भरपूर. दुकानाच्या काउंटरवर दिमाखात मांडलेली उपकरणं बहुधा याच प्रकारची असतात.

नुकती सिगारेट सोडलेल्याने पहिले तीन-चार महिने तरी एमटीएलवरच राहावं, हे आमचं ठाम मत आहे. सिगारेटच्या सवयीत निकोटीनइतकाच वाटा ओठ, घसा आणि श्वास यांच्या लयीचा असतो, आणि ती लय एमटीएलच जपतं. डीएल वाईट नाही, पण ती वेगळीच सवय आहे आणि एकाच वेळी दोन सवयी बदलणं जड जातं. दोन्हीच्या मधलाही प्रकार असतो: ०.६ ते ०.८ ओहमची जाळीदार कॉइल, १८ ते २५ वॅट, हवेची खाच अर्धी उघडी. कुतूहल असेल तर आधी हा करून पाहावा.

निकोटीनचं गणित मांडून बघा

उपकरण बदललं आणि लिक्विड तेच ठेवलं, ही या टप्प्यावरची सगळ्यात त्रासदायक चूक. का ते आकड्यांत पाहू.

एमटीएल उपकरणात दिवसाला साधारण ३ मिलिलिटर लिक्विड लागतं. ते १८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं असेल तर दिवसाला ५४ मिलिग्रॅम निकोटीनची वाफ होते. डीएल उपकरण दिवसाला १० मिलिलिटर सहज पितं. त्यात ६ मिलिग्रॅमचं लिक्विड घातलं तर ६० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढंच. पण पॉडमधलं २० मिलिग्रॅमचं निक सॉल्ट (आम्ल मिसळलेलं निकोटीन, त्याबद्दल पुढे) तसंच त्या मोठ्या टाकीत ओतलं तर हिशोब २०० मिलिग्रॅमवर जातो. एवढं कोणी ओढू शकत नाही, कारण पहिल्या काही झुरक्यांतच मळमळ, उचकी, गरगरणं, छातीत धडधड आणि डोकेदुखी सुरू होते. असं झालं तर उपकरण बाजूला ठेवून मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या. त्रास बहुधा तासाभरात ओसरतो. उलट्या थांबत नसतील किंवा धडधड वाढत असेल तर थेट दवाखाना गाठा.

एमटीएलसाठी ढोबळ अंदाज असा: दिवसाला २० किंवा जास्त सिगारेट ओढत असाल तर १८ ते २० मिलिग्रॅम, १० च्या आसपास असतील तर १० ते १२, चार-पाच असतील तर ६. डीएलसाठी ३, फार तर ६. युरोपीय संघात २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ही कायदेशीर कमाल मर्यादा आहे, टाकी २ मिलिलिटरपेक्षा आणि निकोटीनची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. दुसरीकडे ५० मिलिग्रॅमचे पॉडही मिळतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय काही भरू नका. लेबलवर टक्केवारी असेल तर २ टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम.

साधं निकोटीन आणि निक सॉल्ट यांतला फरकही इथेच समजून घ्या. साधं निकोटीन १२ मिलिग्रॅमच्या वर गेलं की घशाला चांगलंच लागतं. काहींना तेच हवं असतं, कारण सिगारेटचा ठसका त्यात सापडतो. निक सॉल्टमध्ये आम्ल, बहुधा बेन्झोइक आम्ल, मिसळलेलं असल्याने २० मिलिग्रॅमही घशाला मऊ लागतं. निक सॉल्ट कमी वॅटच्या उपकरणातच वापरायचं.

काय विकत घ्यायचं

पहिल्या बदलासाठी सर्वात शहाणपणाचा पर्याय म्हणजे कॉइल बदलता येणारं, पुन्हा भरता येणारं पॉड उपकरण. मोड, म्हणजे बॅटरी आणि सर्किट असलेला वेगळा भाग, आणि त्यावर बसणारी वेगळी टाकी ही त्यापुढची पायरी. घेताना ही यादी हाताशी ठेवा:

- बॅटरी किमान १००० मिलिअँपिअर-तास, शक्यतो १५००. साध्या हिशोबाने १२ वॅटवर चार सेकंदांचे झुरके धरले तर ४०० मिलिअँपिअर-तासांचं छोटं पॉड शंभरेक झुरक्यांत संपतं, १५०० चं साडेतीनशेच्या आसपास जातं.
- हवेची खाच फिरवून कमी-जास्त करता यावी. खटकणारा झुरका बहुतेक वेळा एवढ्यानेच जमतो.
- वॅट बदलता यावेत आणि छोटा का होईना, पडदा असावा.
- त्याच उपकरणाला ०.८ आणि १.० किंवा १.२ ओहमच्या कॉइल बसाव्यात, आणि त्या कॉइल सहज मिळाव्यात. उपकरण कितीही छान असलं तरी त्याची कॉइल बाजारातून गायब झाली की ते अडगळीत जातं.
- भरायचं तोंड वरून किंवा बाजूने, बाटलीचं टोक नीट आत जाईल एवढं मोठं.
- टाईप-सी चार्जिंग.

कॉइलचा पाच नगांचा एक जादा डबा उपकरणासोबतच घ्या. सुट्टीच्या दिवशी कॉइल जळली आणि दुसरी नसली तर सिगारेटचं दुकान नेहमीच जवळ असतं.

जुनं उपकरण टाकू नका. चार्ज करून, भरून ठेवा. नवं गळलं, पडलं, बिघडलं तर तेच आधाराला येतं.

पहिल्यांदा जोडताना

घाई इथेच नडते. कोरडी कॉइल एकदा पेटवली की आतला कापूस करपतो, आणि करपलेला कापूस पुन्हा नीट होत नाही. ती कॉइल फेकावीच लागते.

१. उपकरण आधी पूर्ण चार्ज करा. सोबत आलेली केबल वापरा. मोबाईलचा अतिवेगवान चार्जर टाळा, ५ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअरचा साधा चार्जर बरा.

२. कॉइल हातात घेऊन बाजूची भोकं पाहा. आत पांढरा कापूस दिसेल. प्रत्येक भोकावर लिक्विडचा एकेक थेंब आणि वरच्या तोंडातून आत दोन थेंब टाका. कापूस ओला दिसला की थांबा. कॉइल डबडबून टाकली तर पहिल्याच झुरक्याला लिक्विड तोंडात येईल.

३. कॉइल सरळ बसवा. दाबून बसणारी असेल तर शेवटपर्यंत दाबा, आट्यांची असेल तर बोटांनी घट्ट होईल एवढीच फिरवा. पक्कड वापरू नका.

४. हवेची खाच बंद करा आणि टाकी भरा. मधल्या नळीत लिक्विड जाऊ देऊ नका, ती वाफेची वाट आहे. वर थोडी जागा रिकामी सोडा. ती हवा नसली की आतला दाब लिक्विडला कॉइलमधून खाली ढकलतो.

५. झाकण लावा, उपकरण उभं ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. लिक्विड घट्ट असेल किंवा गारठा असेल तर पंधरा. त्यानंतर हवेची खाच उघडा.

६. उपकरण चालू करा, बहुतेकांत बटण पटापट पाच वेळा दाबायचं असतं. कॉइलवर कोरलेल्या मर्यादेतले सर्वात कमी वॅट लावा. ‘१२ ते १६’ लिहिलं असेल तर १२.

७. पहिले पाच-सहा झुरके लहान घ्या, मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. मग अर्ध्या-एक वॅटने चढत जा. चव भरते आणि वाफ कोमट लागते तिथे थांबा. घशात कोरडं, खरखरीत वाटलं की एक वॅट खाली या.

झुरका घ्यायची पद्धतही बदलावी लागते. सिगारेट जोरात ओढली की जास्त पेटते. व्हेप जोरात ओढलं तर कॉइलपाशी जास्त लिक्विड खेचलं जातं, गुडगुड आवाज येतो आणि थेंब तोंडात उडतात. सावकाश, तीन-चार सेकंदांचा हलका झुरका घ्या.

लिक्विडचा घट्टपणा

पीजी पातळ असतं, फ्लेवर चांगला वाहून नेतं आणि घशाला लागतं. व्हीजी घट्ट, गोडसर, आणि दाट वाफ त्याचीच. एमटीएल कॉइलची भोकं लहान असतात, म्हणून तिथे दोन्ही निम्मे-निम्मे असलेलं लिक्विड लागतं. ७० टक्के व्हीजीचं लिक्विड त्या भोकांतून वेळेत आत शिरत नाही, कापूस कोरडा पडतो आणि करपतो. उलट डीएल टाकीच्या मोठ्या भोकांत निम्मं-निम्मं लिक्विड घातलं तर ते खालून गळतं. तिथे ७० व्हीजी आणि ३० पीजी हेच प्रमाण. नव्या उपकरणाबद्दलच्या कितीतरी तक्रारी एवढ्या एका बदलाने मिटतात.

गोड, गडद रंगाची लिक्विडं, म्हणजे कस्टर्ड, कॅरमेल वगैरे, कॉइल लवकर खातात. त्यातलं सुक्रालोजसारखं गोडवा आणणारं द्रव्य तारेवर काळा थर धरतं. अशा लिक्विडने कॉइल चार-पाच दिवसांत जाऊ शकते. रंगहीन, कमी गोड लिक्विडवर तीच कॉइल दोन आठवडे चालते.

लिक्विड नेहमी सीलबंद, घटक छापलेलं घ्या. कोणत्याही प्रकारचं तेल, खाद्य असो वा औषधी, व्हेपमध्ये घालायचं नाही. तेलाची वाफ फुप्फुसाला झेपत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या गंभीर आजाराची जी साथ आली तिच्यामागे प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या बेकायदा कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट असल्याचं तपासात पुढे आलं.

सुटी बॅटरी लागणारं उपकरण घेणार असाल तर

काही महिन्यांनी तुम्ही मोडकडे वळलात की सुट्या लिथियम बॅटऱ्या हाताळाव्या लागतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाची, ६५ मिलिमीटर लांब बॅटरी. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. या भागात निष्काळजीपणा अजिबात चालत नाही, म्हणून जरा सविस्तर.

बॅटरीवर दोन आकडे महत्त्वाचे. एक क्षमता, मिलिअँपिअर-तासांत. दुसरा सतत देता येणारा प्रवाह, अँपिअरमध्ये. नवखे पहिला आकडा पाहून घेतात, पण जीव दुसऱ्यावर अवलंबून असतो. सॅमसंग २५आर ही २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सतत २० अँपिअर देते. सॅमसंग ३०क्यूची क्षमता ३०००, पण तिचा प्रवाह १५ अँपिअर. १८६५० वर ९९०० असा आकडा छापलेला दिसला तर ती सरळ खोटी समजा. दुसऱ्याच कंपनीचं वेष्टन चढवून ‘४० अँपिअर’ म्हणून विकलेल्या बॅटऱ्याही पुष्कळ असतात.

तुम्हाला किती प्रवाह लागेल ते असं काढा: वॅटला ३.२ व्होल्टने भागा, आणि सर्किटमध्ये दहा टक्के वाया जातात म्हणून पुन्हा ०.९ ने भागा. एका बॅटरीच्या मोडवर ४० वॅट म्हणजे सुमारे १४ अँपिअर, १५ च्या बॅटरीला जेमतेम झेपणारे. ६० वॅट म्हणजे जवळपास २१ अँपिअर, २० च्या बॅटरीलाही न झेपणारे. दोन बॅटऱ्यांच्या मोडवर वॅट आधी निम्मे करा. १२ वॅटच्या एमटीएलला मात्र चारच अँपिअर लागतात.

आता हाताळणी. बॅटरीचं वरचं टोक धन असतं, पण त्याच्या भोवतीच्या कडेसकट बाकीचा सगळा धातूचा डबा ऋण असतो. या दोघांना वेगळं ठेवते ती एक पातळ पांढरी चकती आणि बाहेरचं प्लास्टिकचं वेष्टन. वेष्टनाला नखाएवढा टवका उडाला तरी मोडच्या धातूला स्पर्श होऊन शॉर्ट होऊ शकतो. म्हणून दर वेळी आत घालताना वरची कड नीट बघा. फाटलेलं वेष्टन बदलता येतं, नवीन वेष्टनाच्या नळ्या गरम हवेने आकसून बसतात. डबा चेपला असेल तर मात्र ती बॅटरी वापरू नका.

सुटी बॅटरी खिशात किंवा पर्समध्ये मोकळी टाकायची नाही. किल्ली किंवा नाण्याने दोन्ही टोकं जोडली गेली की ती क्षणात तापून पेट घेते. व्हेपची बॅटरी खिशात पेटल्याच्या बातम्यांमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. प्लास्टिकची डबी स्वस्तात मिळते, बॅटरीसोबतच घ्या.

दोन बॅटऱ्यांचा मोड असेल तर दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच प्रकारच्या हव्यात, आणि त्या नेहमी जोडीनेच वापरायच्या व चार्ज करायच्या. चार्जिंग वेगळ्या चार्जरमध्ये, एक-दीड अँपिअरवर, जागेपणी, उशी-अंथरुणापासून दूर. ४.२ व्होल्टला बॅटरी पूर्ण भरते. निकामी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नको.

विमानात उपकरण आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, चेक-इन बॅगेत चालत नाहीत. टाकी रिकामी करा, वर हवेचा दाब कमी झाला की भरलेली टाकी गळते. पोहोचल्यावर ती व्हेप कायद्याने चालणारी जागा आहे का, हे तिकीट काढतानाच पाहा.

बिघडलं तर आधी काय बघायचं

गळती: भरताना हवेची खाच उघडी राहिली का, कॉइल पूर्ण बसली का, रबरी कडी जागेवर आहे का, लिक्विड फार पातळ आहे का, या क्रमाने पाहा. रबरी कडी दुमडली असेल तर लिक्विडचा थेंब लावून पुन्हा बसवा.

गुडगुड किंवा तोंडात थेंब: मधल्या नळीत लिक्विड साचलं आहे. खालच्या टोकाला कागदी रुमाल धरून उपकरण दोन-तीन वेळा झटका आणि नळी पुसून घ्या.

जळकी चव, कॉइल नवीच असताना: लागोपाठ झुरके घेतलेत. कापसाला पुन्हा भिजायला दोन झुरक्यांच्या मध्ये वीस-तीस सेकंद लागतात. तशीच ओढत राहिलात तर कापूस करपतो आणि त्या वाफेत फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखे घातक पदार्थ वाढतात. जळकी चव आली की थांबायचं, ‘टाकी संपू दे मग बदलू’ असं करायचं नाही.

‘कॉइल नाही’ किंवा ‘ॲटोमायझर तपासा’ असा संदेश (ॲटोमायझर म्हणजे कॉइल असलेला वाफेचा भाग): कॉइल काढा, खालचा संपर्काचा खिळा आणि त्याची जागा कोरड्या कापडाने पुसा. चिकट ओल साचलेली असते. टाकी मोडला जोडणाऱ्या, ‘५१०’ नावाच्या आट्यांवर खच्चून आवळली तर मधला खिळा आत दाबला जातो आणि तेव्हाही हाच संदेश येतो. बोटांनी घट्ट एवढंच पुरे.

पडद्यावर ०.८ च्या जागी ०.५ किंवा १.४ ओहम दिसलं तर कॉइल सैल आहे किंवा सदोष आहे. थंड असताना पुन्हा बसवा, तरी तसंच राहिलं तर टाकून द्या.

सध्या दूर ठेवायच्या गोष्टी

सर्किट नसलेले मेकॅनिकल मोड घेऊ नका. त्यात शॉर्टपासून संरक्षण नसतं, बॅटरी आणि कॉइल थेट जोडलेल्या असतात. भरलेल्या बॅटरीवर ०.२ ओहमची कॉइल २१ अँपिअर ओढते आणि मध्ये अडवणारं काहीही नसतं. स्वतः तार गुंडाळून कॉइल बनवणं हा छंद म्हणून चांगला असेल, पण तो ओहमचा नियम नीट समजल्यावर. तापमान-नियंत्रणाचा पर्यायही बंदच ठेवा. तो स्टील, निकेल किंवा टायटॅनियमच्या तारेवरच चालतो आणि तयार कॉइल बहुतेक कॅन्थल या मिश्रधातूच्या असतात.

घरात लहान मूल असेल तर लिक्विड कुलपात ठेवा. निकोटीनचं लिक्विड पोटात जाणं मुलांसाठी जिवावरचं असतं. कुणी प्यायलं तर वाट न बघता रुग्णालयात न्या आणि बाटली सोबत घ्या. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा, निकोटीन त्वचेतूनही आत जातं.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या डांबरामुळे यकृत काही औषधं लवकर संपवतं, आणि सिगारेट सुटली की हा वेग खाली येतो. थिओफिलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन यांपैकी काही घेत असाल तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना नक्की सांगा, मात्रा कमी करावी लागू शकते. कॉफीचंही तसंच होतं, तेवढ्याच कपांनी धडधड आणि जागरण वाढतं आणि दोष निकोटीनला दिला जातो. गरोदरपणात आणि हृदयविकारात व्हेपचा निर्णय स्वतःच्या मनाने घेऊ नका.

निकोटीन केव्हा उतरवायचं

नवं उपकरण घेतल्या घेतल्या नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ८८६ जण होते. वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के होते, तर पॅच-गमच्या गटात ९.९ टक्के. म्हणजे ई-सिगारेट वापरूनही दर पाचांतले चार जण वर्ष पूर्ण करू शकले नाहीत. तेव्हा पहिलं ध्येय एकच, सिगारेट शून्य. दिवसाला दोन सिगारेट आणि बाकी व्हेप असं चालत असेल तर निकोटीन कमी करायच्या ऐवजी वाढवून त्या दोन आधी सोडा.

सिगारेटशिवाय तीन महिने झाले आणि तिची आठवणही फारशी येत नसेल तर १८ वरून १२ वर या. आठवडाभर रोजचं लिक्विड मोजा. ३ मिलिलिटरचं ५ झालं असेल तर शरीर कमी पडलेलं निकोटीन भरून काढतंय. अशा वेळी १५ वर थांबा. १८ आणि १२ चं एकाच फ्लेवरचं, एकाच प्रकारच्या निकोटीनचं लिक्विड निम्मं-निम्मं मिसळलं की १५ होतं. खप स्थिर राहिला की पुढची पायरी, मग ६, मग ३. प्रत्येक पायरीला निदान महिना द्या आणि कामाचा ताण असलेल्या आठवड्यात उतरायला सुरुवात करू नका. शून्यावर आल्यावर जादा कॉइलचा नवा डबा मागवायचा नाही. शेवटचे दोन-तीन आठवडे जेवणानंतरचा आणि झोपण्याआधीचा झुरका तेवढा ठेवून बाकीचे सोडत गेलात की शेवटची कॉइल संपेपर्यंत उपकरण बहुतेक दिवस कपाटातच पडून राहायला लागतं.